ओव्हर दिल्याशिवाय

दर वर्षी 12 मे आला की आमच्या हॉस्पिटलात गुलाबाची फुलं येतात. फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार, मग पेढे, मग पाहुण्यांचं भाषण. पाहुणे बदलतात, भाषण बदलत नाही. घर, नोकरी, मुलं आणि वर पुन्हा शिक्षण, या भगिनींची म्हणजे खरोखर तारेवरची कसरत, हे वाक्य त्यात ठरलेलं. टाळ्या पडतात. मीही वाजवते. पण वाजवताना मनात येतं, या पाहुण्यांनी डोंबाऱ्याचा खेळ नीट पाहिलेला नसावा. वरून चालणारी पोर सगळ्यांना दिसते. खाली ढोलकं वाजवणारी बाई, बांबू रोवून दोरीचा ताण धरणारा बाप, थाळी घेऊन फिरणारं धाकटं पोर, यांच्याकडं कोण बघतंय? बांबू बोटभर जरी ढिला झाला तरी वरच्या पोरीची सगळी हुशारी फुकट.

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा माझ्याकडं लग्नाआधीपासून होता आणि नोकरीही मिरजेतच. मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरनं 1894 साली इथं हॉस्पिटल उभारलं, आणि तेव्हापासून अथणी, रायबाग, चिकोडीपासून जत, मंगळवेढ्यापर्यंतची माणसं दुखणं घेऊन मिरजेच्या स्टेशनावर उतरतात. इथं नर्सला काम मिळायची भ्रांत नाही. भ्रांत पुढं जायची. डिप्लोमावाली सिस्टर वर्षानुवर्षं त्याच वॉर्डात तेच काम करते. बी.एस्सी. झालेली नवी मुलगी तिच्याच हाताखाली सलाइन लावायला शिकते आणि दोनेक वर्षांत तिच्या पुढं निघून जाते. याचं काही वाटत नाही, असं म्हणणारी सिस्टर मला अजून भेटलेली नाही. मला तर शिकवायचं होतं. वॉर्डात येणाऱ्या विद्यार्थिनींना मी एरवीही शिकवतच होते, पण पाठ्यनिर्देशिका म्हणून उभं राहायचं तर पदवी लागते.

इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम नोकरीतल्या नर्सेससाठीच आखलेला होता. जीएनएम, कौन्सिलची नोंदणी, पाठीशी अनुभव आणि प्रवेश परीक्षा. नोकरी सोडायची नाही, ब्लॉक म्हणजे त्यांच्या पुस्तिका घरी वाचायच्या, आणि ठरलेल्या दिवसांत अभ्यास केंद्रावर व प्रॅक्टिकलला हजर राहायचं. पहिल्याच पुस्तिकेत लिहिलं होतं की एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. मी पेन्सिल घेऊन गुणाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली.

एवढे तास कॅलेंडरात कुठं मोकळे पडलेले नसतात. ते कुणाच्या तरी दिवसातून काढावे लागतात. माझ्या झोपेतून थोडे निघाले. नाइट करून आल्यावर डोळ्यांवर ओढणी बांधून झोपायचं, तर शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या आणि दारात भाजीवाला. उजेडात झोप का लागत नाही, मेलॅटोनिन अंधार पडल्यावर कसं वाढतं, हे त्याच आठवड्यात शरीरक्रियाशास्त्रात वाचलेलं. कळून उपयोग काय? काही तास मुलीच्या अभ्यासाच्या वेळेतून निघाले, म्हणजे तिचा आणि माझा अभ्यास एकाच चटईवर. एकदा मी ड्रिपचं गणित घालत होते. 500 मिली सलाइन आठ तासांत द्यायचं, सेटमधून एका मिलीला 15 थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? तिनं वहीत मान खुपसूनच सांगितलं, “पंधरा पूर्णांक काहीतरी, सोळा धर.” वॉर्डात मी नजरेनं थेंब लावत आलेले, तिनं ते त्रैराशिकानं सोडवलं.

उरलेले सगळे तास निघाले सासूबाईंच्या दिवसातून. त्याची नोंद माझ्या कुठल्याच लॉगबुकात नाही.

लॉगबुक ही नर्सिंगच्या विद्यार्थिनीची दुसरी कुंडली. किती बाळंतपणं पाहिली, किती केली, किती नवजात बाळं तपासली, सगळं त्यात लिहायचं आणि प्रत्येक ओळीपुढं वरिष्ठांची सही घ्यायची. प्रॅक्टिकलच्या हजेरीला सवलत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नेम असा की परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी चालेल, पण पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी 100 टक्के भरलेली हवी. हा नेम मला कधी जाचक वाटला नाही. पुस्तकात वाचून कुणाला नाडी बघता येत नाही. मात्र ही 100 टक्के हजेरी जिनं घरी राहून शक्य केली, तिच्या हजेरीचा रकाना कुठंच नसतो.

हे असं का, ते नर्सिंगचा इतिहास शिकताना थोडं उमगलं. नाइटिंगेलच्या नावानं 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात जी शाळा निघाली, तिथल्या शिकाऊ मुली हॉस्पिटलच्याच आवारात, मेट्रनच्या नजरेखाली राहायच्या. शिकणारीला घर नाही, हे तिथं गृहीत होतं. आपल्याकडं रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला बायका पाठवल्या. परक्या माणसाची शुश्रूषा करणं घरंदाज बाईला कमीपणाचं समजलं जात होतं, तेव्हाची ही गोष्ट. ज्या शिकायला गेल्या त्यांत विधवा बऱ्याच होत्या. जिचं घर मोडलंय तिला हे शिक्षण घर देत होतं, हे मोठंच काम. पण जिचं घर चालू आहे तिनंही कधी शिकायला यावं, हा विचार व्हायला फार काळ जायचा होता. लष्कराच्या नर्सिंग सेवेत तर लग्न केलं की नोकरी संपली, असा नियम 1977 पासून 1995 पर्यंत होता. त्या नियमाखाली 1988 साली कमी केलेल्या एका परिचारिकेला सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2024 मध्ये 60 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. छत्तीस वर्षं लागली एवढं ठरायला की लग्न हा परिचारिकेचा गुन्हा नव्हे.

आणि गंमत अशी, की याच नाइटिंगेलबाईंचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे 1859 मधलं पुस्तक नर्सेससाठी लिहिलेलं नाही. ते घरातल्या बायकांसाठी आहे. केव्हा ना केव्हा प्रत्येकीवर कुणाच्या तरी जिवाची जबाबदारी येते, तेव्हा तिला चार गोष्टी ठाऊक असाव्यात म्हणून. त्यातलं एक प्रकरण किरकोळ व्यवस्थेबद्दल आहे. बाईंचं म्हणणं असं, की तुम्ही हजर असताना जे करता ते तुमच्या माघारीही होत राहील अशी तजवीज केली नाही, तर तुमची सगळी मेहनत व्यर्थ. मी असताना सगळं ठीक चालतं, ही त्यांच्या लेखी शाबासकी नाही, उणीव आहे. हे वाचलं आणि मी ब्लॉक मिटून थोडा वेळ बसून राहिले. आमच्या घरात आणि आसपासच्या घरांत बाईचं कौतुक नेमकं उलट्या शब्दांत होतं : ती नसली की घराचं पानही हलत नाही!

वॉर्डात असं कुणी म्हटलं तर त्या सिस्टरला मेमो मिळेल. तिथं ओव्हर दिल्याशिवाय, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला सगळं सोपवल्याशिवाय, दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. दोघी मिळून खाटेखाटेपाशी जायचं. चार नंबर, काल हर्नियाचं ऑपरेशन, अजून तोंडानं काही नाही, लघवी तीनशे झाली, अँटिबायोटिकचा रात्रीचा डोस बाकी. सात नंबरच्या आजींना एकटं उठू द्यायचं नाही, चक्कर येते. दहा नंबरचे नातेवाईक घाबरलेत, डॉक्टर आले की त्यांना आधी बोलवा. मग कपाटाच्या किल्ल्या, मोजून दिलेली इंजेक्शनं, वहीत सही. सही झाली की चार नंबर तिचे. घरी जाऊन मी त्यांची काळजी करावी अशी कुणाची अपेक्षा नसते. पुढच्या पाळीच्या कामात फोन करून नाक खुपसलं तर तो आगाऊपणा. वॉर्डातली काळजी अशी लिहिता येते, मोजता येते आणि दुसऱ्याच्या हवाली करता येते. हे मी रोज करत होते, पण त्याचा माझ्या घराशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

घरी काय होतं? माझा नवरा सांगलीला हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. स्वभावानं मवाळ. माझ्या शिकण्याला त्यानं कधी नाही म्हटलं नाही, उलट प्रवेशाचा फॉर्म त्याच्याच सुवाच्य अक्षरात भरलेला. तो मदत करायचा. पण मी अभ्यास केंद्रावर वर्गात बसलेली असताना फोन थरथरायचा. “अगं, पांढरे सॉक्स कुठं ठेवलेत?” थोड्या वेळानं, “आज डब्याला काय द्यायचं?” मग, “धाकटा वहीला कव्हर घालायचंय म्हणतोय, कागद आहे का घरात?” प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अर्ध्या मिनिटाचं. तरी तासाचा तास हातातून जायचा. आमच्या वॉर्डात पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी अशीच असते. सांगाल ते मनापासून करते, पण पुढं काय करायचं ते विचारत राहते. तिच्या असण्यानं हाताला आराम मिळतो. डोक्याला मिळत नाही, कारण पेशंट अजून तुमचाच असतो.

डोक्याला आराम द्यायच्या त्या सासूबाई. कव्हरचा कागद गादीखाली असतो हे त्यांना ठाऊक. मी परगावी गेले की त्यांनी कधी फोन केला नाही. म्हणून मी समजत होते की सगळं बरं चाललंय.

नर्सिंग निदानांच्या यादीत एक निदान आहे, केअरगिव्हर रोल स्ट्रेन. घरातल्या आजाऱ्याचं दीर्घकाळ करणाऱ्या माणसाची जी अवस्था होते ती. झोप तुटणं, पाठ धरणं, चिडचिड, आपण थकलो तर याचं कोण करणार ही टोचणी, स्वतःच्या औषधाकडं दुर्लक्ष. असाइनमेंटसाठी मला एक केस लिहायची होती. लक्षणं उतरवून घेताना आधी वाटलं, हे तर माझंच वर्णन. ज्या ज्या सिस्टरला वाचून दाखवलं ती प्रत्येक असंच म्हणाली. पण शेवटचं लक्षण माझ्यात नव्हतं, मी माझी गोळी चुकवत नव्हते. स्वयंपाकघरात फडताळात सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी होती. तारखा ताडून पाहिल्या तर गोळ्या जास्त उरल्या होत्या. “सकाळी गडबडीत राहतंय गं,” त्या म्हणाल्या. गडबड कशाची, तर माझ्या डब्याची, मुलांच्या डब्याची, पाण्याची. बीपी बघितलं. वरचा आकडा 170 च्या पुढं. रोज कितीतरी जणांचं बीपी बघणाऱ्या माझ्या हातांनी घरात तो पट्टा बऱ्याच महिन्यांत काढलाच नव्हता.

त्या रात्री मी घराचा ड्यूटी चार्ट केला. अगदी वॉर्डात लावतो तसा, आडवे वार, उभी नावं. सासूबाईंना दुपारी बारा ते चार पूर्ण सुट्टी आणि रविवार ऑफ. त्या हसल्या. “म्हातारीला रजा देतीस व्हय?” नवऱ्याच्या नावापुढं मी सुटी कामं लिहिली नाहीत, अख्खी सकाळ लिहिली. उठण्यापासून शाळेच्या रिक्षापर्यंत जे जे येईल ते. आणि एकच अट, की त्या वेळात मला विचारायचं नाही. तो म्हणाला, “आणि चुकलं तर?” मी म्हटलं, “अहो, चुकलं तर तुम्हीच निस्तरा. मीसुद्धा तसंच शिकले.”

अट त्याला होती तशी मलाही होती, आणि मला जास्त जड गेली. पोळीच्या डब्यात बिस्किटं जाताना दिसायची. मुलीची वेणी एका बाजूला कललेली. ओव्हर दिल्यावर मागं वळून बोलायचं नसतं हे मी विद्यार्थिनींना ठासून सांगते, आणि घरी ओठ चावून गप्प बसायची. आपल्याशिवाय घर चालावं असं म्हणणं सोपं आहे. ते खरंच चालायला लागलं की छातीत जी बारीकशी कळ येते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. इतकी वर्षं ज्याला त्रास म्हणत आलो त्यातच आपला मानही होता, हे तेव्हा कळतं.

पुढं माझं प्रसूती विभागातलं प्रॅक्टिकल चालू असताना धाकट्याला ताप आला. मला कळवलं नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा पोरगं झोपलेलं, कपाळ कोमट, आणि मी भडकले. एवढं झालं आणि मला फोन नाही? नवऱ्यानं काही न बोलता खतावणीतला एक कागद पुढं केला. हळदीच्या पोत्यांचा हिशेब मांडावा तसे रकाने. तारीख, वेळ, ताप, काय दिलं, शेरा. 9.10, ताप 102, पॅरासिटामॉल 5 मिली. शेरा : अर्धं ओकला, किती पोटात गेलं कळेना म्हणून परत दिलं नाही, अंग पुसलं. मग 3.30, ताप 101, पुन्हा 5 मिली, दोन्हीत सहा तासांचं अंतर ठेवलंय. वजनाच्या किलोमागं 15 मिलिग्रॅम हा हिशेब मी कधीतरी जेवताना सांगितलेला. त्यानं तो बाटलीवरच्या लेबलाशी ताडून पाहिला होता. अर्ध्या ओकलेल्या डोसानंतर अंदाजानं दुसरा न देणं, हे मी आमच्या मुलींना दर वर्षी शिकवते आणि तरी कुणीतरी चुकतं. त्या कागदावर मी सही करावी अशी त्याची अपेक्षा नव्हती. मी केली. लॉगबुकात करतात तशी, तारखेसह.

ही गोष्ट सांगितली की वर्गातल्या काहीजणी म्हणायच्या, तुझं नशीब. त्या म्हणायच्या त्यात तथ्य होतं. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी काहींनी मधेच सोडलं. बुद्धी कमी म्हणून कुणी सोडलं नाही. कुणाची आई गेली, कुणाला शेजारीण मिळाली नाही, कुणाचा नवरा बदलीच्या गावी. मागचा माणूस निघून गेला की पुढच्या बाईचं शिक्षण थांबतं, इतका हा मामला सरळ आहे. कायदा म्हणतो, 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं. 2017 च्या दुरुस्तीत तसं आलं. पण गावोगावची नर्सिंग होम चालतात पंधरा-वीस माणसांवर, आणि शिकणारी नर्स त्या कायद्यात बसतच नाही, कारण वर्गात ती कुणाची नोकर नसते. म्हणजे सगळी भिस्त उरते ती घरात एखादी सासू, आई, नणंद धडधाकट असण्यावर. परिचारिका कमी पडतात म्हणून दर वर्षी ओरड होते. ती कमतरता मोजताना या म्हाताऱ्या बायकांचे गुडघेही मोजायला हवेत.

पदवी मिळाली त्या वर्षी पेढे वाटून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आता माझं बघा. कार्तिकीला मी पंढरपूरला जाणार. बायकांबरोबर मठात राहणार. आन लगेच येणार न्हाई.” चालत जायला गुडघे तयार नव्हते, म्हणून कुर्डुवाडीच्या गाडीनं. जायच्या आदल्या रात्री त्यांनी मला आणि नवऱ्याला समोर बसवलं आणि बोलायला लागल्या. दूधवाला रविवारी पाणी घालतो, मापाकडं बघू नका, दुधाकडं बघा. लिंबाच्या लोणच्याची बरणी दिवसाआड हलवायची. धाकट्याचा वरचा दात हलतोय, पेरू अख्खा देऊ नका. पोरगी दोन दिवस कमी जेवतीया, शाळेत काय झालंय ते तिला विचारू नका, शेजारच्या पमीला विचारा. पाण्याच्या टाकीचा कॉक अर्धाच फिरवायचा, पुरा फिरवला की गळतो. आम्ही दोघं ऐकत होतो. यातलं अर्धंअधिक मला ठाऊक नव्हतं. आमच्या चार्टात जे मावलं होतं ते कामाचं वरवरचं टरफल, आणि गर त्यांच्याकडं तसाच राहिलेला. नवऱ्यानं उठून खतावणीचा कागद आणला आणि लिहायला घेतलं.

त्या परत आल्या तेव्हा घर उभं होतं. दात पडला होता, पमीकडून सगळा उलगडा झाला होता. फक्त मसाल्याचे डबे नवऱ्यानं त्याच्या सोयीनं हलवले होते. हळद पहिली, मग मिरची, मग बाकीचे, आणि प्रत्येकावर चिठ्ठी. त्यांनी फडताळ उघडलं, बराच वेळ बघितलं. मी बोलणी ऐकायच्या तयारीत. त्यांनी हळदीचा डबा उचलला, पुन्हा तिथंच ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, “एकदा ओव्हर दिला की मागनं बोलायचं नसतं, तूच म्हणतीस न्हवं?”

दुपारचे बारा वाजले होते, त्यांची सुट्टी सुरू झाली, आणि त्या जाऊन झोपल्या.